पाच मीटरांचा दोर

व्यापारी कुटुंबाची गाडी क्वचितच स्वस्थ उभी असते. सकाळी ती लक्ष्मीपुरीतून माल पोहोचवते, दुपारी इचलकरंजीला किंवा जयसिंगपूरला वसुलीसाठी जाते, सुट्टीच्या दिवशी वडीलधाऱ्यांना कुंभोजच्या बाहुबलीला दर्शनासाठी नेते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाबाळांसह कोकणात उतरते. इतके राबणारी गाडी कधीतरी वाटेत बंद पडणारच. अशा वेळी पहिला फोन बहुधा गॅरेजला जात नाही. तो चुलत्याला, मेहुण्याला किंवा दुकानातल्या पोराला जातो. तोही मागेपुढे न पाहता गोदामातला एखादा दोर डिकीत टाकून निघतो. कोल्हापूर भागात या कामाला ‘टोचन’ म्हणतात. शब्द अंगवळणी पडला आहे, म्हणून कामही सोपे वाटते. एक गाडी पुढे, एक मागे आणि मध्ये दोर. यात अवघड ते काय?

प्रत्यक्षात दोन गाड्या दोराने जोडल्या की रस्त्यावर एक तिसरेच वाहन तयार होते. त्याला इंजिन एक असते, चालक दोन असतात आणि ब्रेक मात्र पुढच्या अर्ध्या भागाचाच भरवशाचा असतो. हे दोन चालक एकमेकांशी बोलू शकत नाहीत आणि मागच्याला पुढचा रस्ता दिसत नाही. असे वाहन चालवण्याचे शिक्षण कोणी घेतलेले नसते आणि परवान्याच्या चाचणीतही ते कोणी विचारत नाही. म्हणून टोचन करण्याचे कौशल्य दोर बांधण्यापूर्वीच्या एका निर्णयात असते: ही गाडी, या रस्त्यावर, या वेळी ओढावी की ओढू नये? मदतीला धावून जाणाऱ्याने हा प्रश्न पाच मिनिटे थांबून स्वतःला विचारला, तर पुष्कळ अनर्थ टळतील.

बंद गाडी जड का होते

चालू गाडीचा ब्रेक पायाच्या हलक्या दाबाने लागतो, याचे श्रेय आपल्या पायाला नसते. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू असताना निर्माण होणारी निर्वात पोकळी एका डब्यात साठवली जाते आणि पायाचा जोर ती कितीतरी पटींनी वाढवते. इंजिन बंद झाले की डब्यातील साठा तेवढा उरतो. दोन-तीन वेळा पेडल दाबले की तो संपतो. त्यानंतर ब्रेक असतो, पण लाकडाच्या ओंडक्यावर पाय ठेवल्यासारखे पेडल कठीण लागते. तो लावण्यासाठी पायाचा सगळा भार द्यावा लागतो. ज्याला हे ठाऊक नसते, तो पहिल्याच वळणावर घाबरतो आणि ब्रेक निकामी झाला असे समजून पाय काढून घेतो. वास्तविक त्याने पाय अधिक जोराने दाबायला हवा असतो.

स्टिअरिंगचेही तसेच आहे. आजच्या गाड्यांतील स्टिअरिंग इंजिनाच्या किंवा बॅटरीच्या शक्तीने हलके केलेले असते. ती शक्ती गेली की चाक फिरवायला दोन्ही हातांचा जोर लागतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे किल्ली. किल्ली काढून घेतली किंवा पूर्ण बंद स्थितीत ठेवली, तर स्टिअरिंगला कुलूप लागते. ओढल्या जाणाऱ्या गाडीचे स्टिअरिंग वळणावर अडकले तर गाडी सरळ जाते. पुढे दरी आहे की समोरून येणारी एस.टी., हे ती पाहत नाही. म्हणून किल्ली चालू स्थितीत हवीच. बटणाने चालू होणाऱ्या गाडीची बॅटरी पूर्ण उतरली असेल आणि स्टिअरिंगचे कुलूप सुटत नसेल, तर ती गाडी दोराने ओढण्याच्या लायकीची उरत नाही. येथेच निर्णय झाला.

कधी कधी बिघाड क्लचचा किंवा गियरचा असतो आणि इंजिन व्यवस्थित चालू होते. अशा वेळी इंधन वाचवण्यासाठी मागच्या गाडीचे इंजिन बंद ठेवणे ही चुकीची काटकसर होय. ते चालू ठेवल्यास ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही नेहमीसारखे हलके राहतात, आणि तेवढ्या पेट्रोलची किंमत काहीच नाही.

नियमातले आकडे आणि त्यांमागचा हिशेब

मोटार वाहन कायद्याखाली 1989 मध्ये रस्त्याचे नियम ठरवणारे विनियम झाले. त्यांत टोचनाविषयी स्वतंत्र कलम होते. बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत ओढून न्यावी. मागच्या गाडीच्या चालकाच्या जागी परवानाधारक व्यक्ती असावी, नाहीतर त्या गाडीची वळणारी चाके क्रेनने किंवा तत्सम साधनाने जमिनीवरून उचललेली असावीत. दोन गाड्यांमधील मोकळे अंतर कधीही पाच मीटरांहून अधिक नसावे. दोर किंवा साखळी इतरांना सहज दिसेल अशी व्यवस्था करावी. मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्या पृष्ठभागावर किमान 75 मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ अशी पाटी असावी. आणि वेग ताशी 24 किलोमीटरांच्या वर जाऊ नये. 2017 मध्ये या विनियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली. तरी हे जुने आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत, कारण त्यांमागचा हिशेब बदलणारा नाही.

हा हिशेब कोणत्याही दुकानदाराला गल्ल्यावर बसून मांडता येईल. ताशी 24 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात साडेसहा मीटरांहून थोडी अधिक पुढे जाते. समोरचे दृश्य पाहून, ते समजून, पाय उचलून ब्रेकवर ठेवायला सावध माणसालाही पाऊण ते एक सेकंद लागतो. दोर आहे पाच मीटरांचा. म्हणजे पुढची गाडी अचानक थांबली आणि तिचे लाल दिवे पाहून मागच्याने ब्रेक लावायचे ठरवले, तर नियमातल्या वेगातसुद्धा त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. वेग ताशी 48 किलोमीटर केला, तर त्याच एका सेकंदात गाडी 13 मीटर जाते आणि आघाताची शक्ती दुप्पट नव्हे, चौपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

यातून टोचनाचा मुख्य नियम निघतो. दोर ओढू शकतो, थांबवू शकत नाही. पुढच्या गाडीने ब्रेक लावल्याने मागची गाडी मंदावत नाही. तिला तिच्याच चालकाने थांबवावे लागते. म्हणून पुढच्या चालकाने अचानक थांबण्याची वेळ स्वतःवर येऊच देऊ नये. चौक, गतिरोधक, जनावरांचा कळप यांची चाहूल लागताच फार आधीपासून पाय सोडावा आणि वेग आपोआप उतरू द्यावा. मागच्या चालकाने पुढच्या गाडीच्या दिव्यांकडे न पाहता शक्य तितके तिच्या पलीकडचा रस्ता पाहावा आणि दोर सैल पडू लागला की हलका ब्रेक धरून तो ताणलेला ठेवावा. सैल पडलेला दोर चाकाखाली येतो, आणि पुन्हा ताणला जाताना जो हिसका बसतो त्यात तुटतो. चांगल्या टोचनात दोघांची कामे वाटलेली असतात: ओढायचे पुढच्याने, थांबवायचे बव्हंशी मागच्याने.

घाटात दोर नको

कोल्हापूरकरांच्या दृष्टीने या विषयातील सर्वांत मोलाची गोष्ट घाटाची आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीची रांग आहे आणि कोकणात उतरणाऱ्या वाटा येथूनच जातात. गगनबावड्यातून करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट उतरतात, दाजीपूरच्या पुढे फोंडा घाट लागतो, रत्नागिरीच्या वाटेवर आंबा घाट आणि सावंतवाडीच्या वाटेवर आंबोली. बेळगावकडे जाताना निपाणीजवळ तवंदी घाट आहे. कोल्हापूरच्या कुटुंबाची गाडी बंद पडली तर ती यांपैकी एखाद्या चढणीवर पडण्याचा संभव मोठा, कारण इंजिन तापते ते तेथेच आणि क्लच जळतो तोही तेथेच.

सपाट डांबरी रस्त्यावर हजार किलो वजनाची गाडी न्यूट्रलमध्ये पुढे सरकवायला पंधरा ते वीस किलोचा जोर पुरतो. म्हणून तर दोन माणसे ती ढकलू शकतात. तीच गाडी दहा मीटरांना एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर आली की उतारामुळे तिला मागे खेचणारा जोर एकटाच सुमारे शंभर किलो होतो. म्हणजे दोरावरचा ताण पाच-सहा पटींनी वाढतो आणि गाडी सुटताना बसणारा हिसका त्याहून कितीतरी अधिक असतो. पुढच्या गाडीचा क्लच आता दोन गाड्यांचे ओझे वाहतो. अर्ध्या चढणीवर तोही जळाला तर एका बंद गाडीच्या जागी दोन होतात. दोर तुटला तर मागची गाडी उलटी घरंगळू लागते आणि तिला आवरायला कठीण पेडल व हँडब्रेक एवढेच उरते.

उतारावर याच्या नेमके उलटे घडते. चालू गाडी घाट उतरताना खालचा गियर टाकते आणि इंजिनच तिला रोखून धरते. बंद गाडी न्यूट्रलमध्ये असल्याने तिला हा आधार नसतो. ती पुढच्या गाडीच्या अंगावर धावून येते आणि दोर निरुपयोगी होतो. चालकाला सर्व भार ब्रेकवर टाकावा लागतो. मदतनीस गेलेला ब्रेक एका वळणानंतर दुसऱ्या वळणावर सतत दाबून धरला की तापतो, आणि तापलेला ब्रेक पकड सोडतो.

एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. संध्याकाळची वेळ आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून मंडळी कोकणातून परतीला लागली आहेत. करूळ घाटाच्या मध्यावर गाडी बंद पडते. पुतण्या कोल्हापूरला फोन करतो, “काका, घाटात गाडी बंद पडली आहे. दोर घेऊन या, वर गगनबावड्यापर्यंत ओढून नेऊ.” काकांचे योग्य उत्तर असे असावे, “मी निघतो, पण दोर बांधायला नाही. बाया-माणसांना आणि मुलांना घरी आणायला येतो. तू गाडी कडेला घे, चाकांमागे दगड लाव, सगळ्यांना खाली उतरव आणि क्रेनला फोन कर.” या उत्तरात माया कमी नाही. गाडी एक रात्र घाटात राहिली तर फार तर एखादी वस्तू जाईल. माणसे मात्र सुखरूप घरी येतील.

घाटातून गाडी हलवायची असेल तर ती क्रेनने पुढची चाके उचलून किंवा सपाट पाठीच्या ट्रकवर चढवूनच हलवावी. अगदी नाइलाज झाला आणि वळणावर धोकादायक जागी गाडी अडली असेल, तर तिला जवळच्या रुंद जागेपर्यंत, दहा-वीस मीटर, माणसांनी ढकलून नेणे हे दोराने मैलभर ओढण्यापेक्षा केव्हाही बरे.

ज्या गाड्या ओढूच नयेत

काही गाड्या सपाट रस्त्यावरही दोराने ओढू नयेत. पहिली ऑटोमॅटिक गियरची. तिच्या गियरपेटीतील तेल फिरवणारा पंप बहुधा इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरत राहिली की आतील भाग तेलाविना घासतात. दोन-चार किलोमीटरांच्या टोचनात वाचवलेले पैसे गियरपेटीच्या दुरुस्तीत अनेक पटींनी जातात. दुसरी चारही चाकांना शक्ती देणारी गाडी. तिसरी विजेवर चालणारी. तिची चाके फिरली की मोटरही फिरते आणि वीज निर्माण करू लागते, त्यामुळे तिच्या यंत्रणेला धोका पोहोचतो. या तिन्हींना सपाट पाठीचा ट्रकच हवा. गाडीसोबत मिळालेल्या मार्गदर्शिकेत याविषयी एक पान असते. ते पान गाडी बंद पडण्यापूर्वी वाचलेले बरे.

चौथी, पाण्यात बुडालेली गाडी. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 हे दोन महापूर कोल्हापूरची बाजारपेठ विसरणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. त्या दोन्ही वर्षी नदीने ती ओलांडली. शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्गावर पाणी आले आणि पुणे-बंगळूर वाहतूक थांबली. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर या भागांत पाणी शिरले आणि दारात उभ्या गाड्या त्यात बुडाल्या. पाणी ओसरल्यावर अशा गाडीबाबत दोन मोह होतात. एक, किल्ली फिरवून पाहण्याचा. दुसरा, ती ओढत ओढत गियर टाकून चालू करण्याचा. दोन्हींत इंजिनाचा नाश आहे. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. इंजिनात शिरलेल्या पाण्यावर दट्ट्याचा जोर पडला की त्यामागचा लोखंडी दांडा वाकतो. बुडालेली गाडी चालू करून पाहू नये, ओढून चालू करू नये, उचलूनच न्यावी. विमा कंपनीला कळवण्यापूर्वी तिची छायाचित्रे काढून ठेवावीत, हा व्यवहाराचा भाग.

एरवीही गाडी दोराने ओढून चालू करणे ही जुन्या काळची युक्ती आज टाकून द्यावी. इंजिनाने अचानक पेट घेतला की मागची गाडी झेप घेते आणि पुढच्या गाडीवर आदळते. मध्ये अंतर तर पाच मीटरांचेच असते. बॅटरी उतरली असेल तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला तारा जोडून ती चालू करणे सोपे आणि निर्धोक आहे. बंद पडलेल्या पुष्कळ गाड्यांना टोचनाची गरजच नसते. पंक्चर, उतरलेली बॅटरी आणि संपलेले पेट्रोल ही तीन कारणे आधी तपासून पाहावीत.

ओढायचेच असेल तर

हाताच्या गियरची हलकी गाडी, सपाट रस्ता, दिवसाची वेळ, स्टिअरिंग मोकळे, ब्रेक कठीण असला तरी लागणारा आणि गॅरेज दोन-तीन किलोमीटरांवर. इतके सारे जुळून आले तर टोचन करण्यास हरकत नाही. ओढणारी गाडी ओढल्या जाणाऱ्या गाडीहून हलकी नसावी. छोट्या हॅचबॅकने मोठी सात आसनी गाडी ओढण्याचा हट्ट करू नये.

दोर कोठे बांधायचा हे गाडी बनवणाऱ्याने ठरवून ठेवलेले असते. बहुतेक आधुनिक गाड्यांत बंपरवर एक लहान चौकोनी किंवा गोल झाकण असते. ते काढले की आत आटे असलेले भोक दिसते. डिकीत जॅक आणि पान्याशेजारी एक लोखंडी कडे असते. ते या भोकात पूर्णपणे पिळून बसवायचे आणि पान्याच्या दांड्याने घट्ट करायचे. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, म्हणून बसत नसेल तर जोर न करता उलट्या बाजूने फिरवून पाहावे. बंपरला, चाकाजवळच्या दांड्यांना किंवा स्टिअरिंगच्या भागांना दोर कधीही बांधू नये. बंपर आज प्लॅस्टिकचा असतो. तो हातात येतो.

गोदामातला माल बांधण्याचा दोर या कामाचा नाही. त्याला किती ताण सोसतो हे कोणाला ठाऊक नसते आणि गाठीपाशी त्याची ताकद आणखी घटते. टोचनासाठी बनवलेला पट्टा किंवा नायलॉनचा जाड दोर, दोन्ही टोकांना कडी असलेला, घ्यावा. तो थोडा ताणला जातो आणि हिसका पोटात घेतो. लोखंडी साखळीला ही लवचीकता नसल्याने हिसका थेट गाडीच्या सांगाड्याला बसतो. दोन गाड्यांमध्ये लोखंडी दांडा जोडला तर मागची गाडी पुढे आदळत नाही. गॅरेजवाल्याकडे असा दांडा असल्यास दोरापेक्षा तो बरा. मात्र तेव्हा दोन्ही गाड्यांचे वजन पुढच्या ब्रेकला रोखावे लागते आणि थांबायला लागणारे अंतर वाढते, हे विसरू नये.

ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा उलट फिरतो. त्याच्या टोकाला लोखंडी कडी असेल तर ती काच फोडून आत येऊ शकते. म्हणून दोराच्या मध्यावर एखादे जाड पोते किंवा जुनी चादर टाकावी. तुटल्यास ती दोराला खाली पाडते आणि भडक रंगाची असली तर इतरांना दोरही दिसतो. गाडी सुटताना आजूबाजूच्या सर्वांनी दोराच्या लांबीहून दूर उभे राहावे. दोन गाड्यांच्या मधून कोणीही जाऊ नये, मुलांनी तर मुळीच नाही.

निघण्यापूर्वी दोन्ही चालकांनी समोरासमोर बोलून घ्यावे. वाट कोणती, थांबायचे कोठे, मागच्याने दोनदा हॉर्न वाजवला तर काय करायचे, हे सारे आधी ठरावे. प्रवासात मोबाइलवर बोलत राहू नये. मागच्या चालकाला दोन्ही हात स्टिअरिंगसाठी हवे असतात. मागच्या गाडीत चालकाशिवाय कोणी बसू नये. ती जागा कुटुंबातील सर्वांत अनुभवी चालकाची आहे. बहुधा उलटे होते. जाणता माणूस पुढे बसतो आणि नुकताच परवाना मिळालेल्या मुलाला मागे बसवतो. पुढे बसणाऱ्याला सर्व साधनांनी सज्ज गाडी मिळते, मागे बसणाऱ्याला अर्धवट. अवघड काम जाणत्याने घ्यावे.

मागच्या गाडीची किल्ली चालू स्थितीत, गियर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला, चारही इंडिकेटर लुकलुकते. पुढच्याने पहिल्या गियरमध्ये क्लच अगदी हळू सोडून आधी दोर ताणून घ्यावा आणि मगच गाडी हलवावी. वळणे रुंद घ्यावीत, ओव्हरटेक करू नये. हे सारे यतनापूर्वक झाले तर दोन किलोमीटरांना दहा मिनिटेही लागत नाहीत.

मागे ट्रॉली जोडायची असेल तर

उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याकडे निघालेली रांग जिल्ह्यात सर्वांच्या परिचयाची आहे. ती पाहून एखाद्याला वाटते, प्रदर्शनाचा माल नेण्यासाठी गाडीमागे लहान ट्रेलर जोडावा. कायद्याच्या दृष्टीने ट्रेलर ही दोराने बांधलेल्या गाडीहून वेगळी गोष्ट आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 61 प्रमाणे ट्रेलरलाही नोंदणी लागते आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरवर दिसावा लागतो. आपल्या गाडीला ट्रेलर ओढण्याची मुभा आहे काय आणि किती वजनाची, हे मार्गदर्शिकेतून व विमा कंपनीकडून आधी जाणून घ्यावे.

माल भरताना जड वस्तू आसाच्या किंचित पुढे ठेवाव्यात, म्हणजे एकूण वजनाचा सुमारे दहावा भाग जोडाच्या कडीवर येतो. वजन मागे गेले की ट्रेलर गाडीचे शेपूट उचलतो आणि नागासारखा डुलू लागतो. डुलणे सुरू झाले तर जोराने ब्रेक लावू नये. स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटर सोडावा. ट्रेलरच्या पाठीवर दिवे आणि परावर्तक हवेतच. अंधारात उभ्या असलेल्या बिनपरावर्तकाच्या ट्रॉलीवर मागून आदळून झालेले अपघात या भागाने पाहिले आहेत.

घरात आधी ठरवायच्या गोष्टी

राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडल्यास 1033 हा क्रमांक लावावा. महामार्गाच्या गस्तीची व क्रेनची मदत तेथून मिळते. जिवाला धोका असेल तर 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108. गाडीत बसून मदतीची वाट पाहू नये. कठड्याच्या पलीकडे, रस्त्यापासून दूर उभे राहावे. गाडीसोबत मिळणारा लाल परावर्तक त्रिकोण गाडीच्या मागे किमान पन्नास मीटरांवर ठेवावा. वळणाजवळ असल्यास वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला वळण्यापूर्वीच दिसेल असा.

विम्याचा कागद एकदा शांतपणे वाचावा. खासगी कारच्या पारंपरिक पॉलिसीत अपघातग्रस्त गाडी जवळच्या दुरुस्ती केंद्रात हलवण्याचा खर्च 1500 रुपयांपर्यंत मिळण्याची तरतूद असते. थोडा अधिक हप्ता भरून रस्त्यावरील साहाय्याची जोड घेतली तर बंद पडलेली गाडीही उचलून नेली जाते. त्याच पॉलिसीत एक अटही असते: अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि नुकसान वाढले, तर वाढीव नुकसान मालकाच्या माथी. साहाय्य केंद्राचा क्रमांक घरातील प्रत्येक चालकाच्या मोबाइलमध्ये असावा, मुलींच्या आणि सुनांच्याही.

डिकीत टोचनाचा पट्टा, त्रिकोण, विजेरी, बॅटरीला जोडायच्या तारा, चाकाला लावायला लाकडी ठोकळे आणि जाड हातमोजे एवढे असले की पुरे. एखाद्या रविवारी शिवाजी उद्यमनगरातील नेहमीच्या मेकॅनिककडे जाऊन घरच्या तरुणांनी आपल्या गाडीचे कडे कोठे बसते, हे एकदा पाहून घ्यावे. अंधारात, पावसात ते शोधण्याची पाळी येऊ नये.

क्रेन बोलावणे म्हणजे उधळपट्टी आणि भाऊबंदांना बोलावणे म्हणजे काटकसर, अशी समजूत अनेक घरांत असते. जमाखर्चाच्या वहीत ती खरी दिसते, कारण त्या वहीत क्रेनचे पैसे लिहिले जातात, मागच्या गाडीत बसलेल्याचा धोका लिहिला जात नाही. तो रकाना एकदा मांडला की क्रेनचे भाडे हा त्या दिवसाचा सर्वांत स्वस्त खर्च ठरतो. घरातील वडीलधाऱ्यांनी तरुणांना हे स्वतःहून सांगून ठेवावे, “गाडी बंद पडली तर पैशांची काळजी करू नका. क्रेन बोलवा आणि मग आम्हाला कळवा.” ही परवानगी आधी दिलेली असली की ऐन वेळी कोणी दोर शोधत बसत नाही.